दिवे वाढवणारे बडे बाबू

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फ्रिजला नमस्कार करत होते.

संध्याकाळची वेळ होती. दुर्गाघाटाकडून चढून, दोन गल्ल्या चुकून, एका बैलाला वाट द्यायला परक्या ओट्यावर चढून मी घामाघूम होऊन त्यांच्या दारात पोचले होते. दार उघडंच होतं. आत एक काटक म्हातारे गृहस्थ. धोतर, वर बनियन, जानव्याला किल्लीच्या जागी वीज तपासायचा टेस्टर बांधलेला. त्यांनी फ्रिजचं दार उघडलं, आतला दिवा लागला, त्यांनी हात जोडून डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि मग सावकाश दह्याचं भांडं बाहेर काढलं. मला वाटलं, यांनी फ्रिजमध्ये देव ठेवलेत. काशी आहे बाबा, कुठेही असू शकतात.

"या," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "दिवेलागणीला आलात, शुभ झालं. खोली वर आहे, पाणी खाली आहे, माकडं सगळीकडे आहेत."

पुढे कळलं की दिवेलागण झाल्यावर या घरात जे जे म्हणून उजळतं त्याला नमस्कार होतो. ट्यूबलाइटला, फ्रिजला, गॅसलायटरच्या ठिणगीला. एकदा मी जिन्यात मोबाइलची बॅटरी लावली तर त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवून तिलाही हात जोडले. मी आपली संकोचून "अहो काका, मला कशाला नमस्कार?" म्हणाले. "तुम्हाला नाही हो," ते म्हणाले.

सगळी गल्ली त्यांना बडे बाबू म्हणायची, कारण ते वीज कार्यालयातून बडे बाबू म्हणून, म्हणजे मुख्य कारकून म्हणून निवृत्त झाले होते. घराणं पाचसहा पिढ्यांमागे कोकणातून काशीत आलेलं, वडील वेदशाळेत शिकवायचे. यांनी मात्र वेद सोडून वीज धरली. सगळी नोकरी तक्रारींच्या फोनजवळ गेली. उन्हाळ्यात शहराचे चार मोहल्ले अंधारात असले की तो फोन थांबायचा नाही. पलीकडून लोक शिव्या घालायचे, रडायचे, धमक्या द्यायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "कब आएगी?" त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे: "जब आएगी, सबसे पहले आपही के घर आएगी." हे ते प्रत्येकाला सांगत. म्हणे, लोक शांत होऊन फोन ठेवत.

आणखी एक. 'लाइट गेली' हे दोन शब्द त्यांनी जन्मात उच्चारले नाहीत. घरात कुणी उच्चारले तर ते चहाचा कप खाली ठेवत.

"लाइट विश्रांती घेते आहे म्हणा. गेली म्हणू नका. आमच्या या गल्लीतून जो जातो तो चौघांच्या खांद्यावरून सरळ मणिकर्णिकेला जातो. तिला कशाला हो पाठवता तिकडे?"

मी मनात हसायचे. खरं सांगायचं तर मी त्यांच्या सगळ्याच मराठीला मनात हसायचे. ही मंडळी 'बत्ती जळते आहे' म्हणत, आग लागल्यासारखं. 'मी तर आत्ताच भोजन करून आलो' म्हणत, कीर्तनात असल्यासारखं. मी साताऱ्याची, शिक्षण पुण्याचं. खरी मराठी आपल्याकडे, इथे तिची आठवण तेवढी शिल्लक, अशी माझी ठाम समजूत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा होता, पण ते कळायला पुढचा उन्हाळा यावा लागला.

*

मी काशीत काय करत होते ते सांगते, म्हणजे माझ्या शहाणपणाचा आवाका लक्षात येईल.

संध्याकाळी सातच्या सुमाराला सगळं शहर एकदम घरी येतं. पंखे, एसी, पाण्याच्या मोटारी, इस्त्र्या सगळं एकाच वेळी सुरू होतं आणि विजेची मागणी एवढी चढते की जुन्या गल्ल्यांतले ट्रान्सफॉर्मर माना टाकतात. यावर उपाय म्हणजे लोकांना आधी कळवायचं की बाबांनो, आज सात ते नऊ जरा दमानं घ्या. मोटर नंतर चालवा, इस्त्री उद्या करा. जे ऐकतील त्यांना बिलात थोडी सूट. योजनेचं नाव 'मागणी-प्रतिसाद'. यात सरकारी वीज कार्यालय एका बाजूला आणि आमची खासगी कंपनी दुसऱ्या बाजूला, असं सहकार्य होतं. सहकार्याचा अर्थ मला पहिल्या बैठकीतच कळला. सरकारने खुर्च्या द्यायच्या, आम्ही कचोऱ्या आणायच्या आणि निर्णय पुढच्या बैठकीत घ्यायचा.

लोकांना पटवून सांगणं हे माझं काम. मी इंजिनियर नाही. समाजकार्याची पदवी आहे माझी. काकांना हे मी तीनदा सांगितलं, तरी ते मला 'इंजीनियरीणबाई'च म्हणत.

"विजेच्या कामात जो हात घालेल तो इंजीनियरच," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसात शिपाईसुद्धा होता."

प्रयोगासाठी एखादी गल्ली निवडायची होती. मी हटून बसले, आमचीच घ्या म्हणून. दूधविनायकाकडून दुर्गाघाटापर्यंतचा हा तुकडा. अर्धी घरं जुन्या मराठी मंडळींची, अर्धी बाकीच्यांची, सगळ्यांना मिळून एकच ट्रान्सफॉर्मर. साहेबांना सांगितलं की लोकांशी त्यांच्या मातृभाषेत बोललं तर प्रतिसाद वाढतो. हे मी कुठेतरी वाचलं होतं. शिवाय मातृभाषा माझीही होती, म्हणजे सगळं श्रेय मलाच.

पण गल्ली निवडायला दुसरंही कारण होतं, आणि ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. ते कारण पहिल्या मजल्यावर खिडकीशी बसलेलं असायचं.

काकू. फुप्फुसं थकलेली. नाकाला नळी आणि नळीचं दुसरं टोक कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या यंत्रात. ते यंत्र विजेवर चालायचं आणि दिवसरात्र घुरघुरायचं. वीज थांबली की यंत्र थांबायचं. इन्व्हर्टर होता, पण त्याचंही वय झालेलं. पंखा नि एक दिवा कसाबसा ओढायचा, यंत्र जोडलं की दहा मिनिटांत टीं टीं करून बसायचा. म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर भरून ठेवलेला. आमच्या गल्लीत मोटार सोडा, रिक्षासुद्धा येत नाही; दुसरा सिलिंडर आणायचा तर माणसाच्या खांद्यावरून, तोही माणूस सापडला तर. त्यामुळे संध्याकाळी सात वाजले की काका खिडकीत उभे राहून चढाच्या टोकाला असलेल्या ट्रान्सफॉर्मरकडे कान लावायचे. तो कसा गुणगुणतो यावरून म्हणे त्यांना त्याची तब्येत कळायची.

रोज सकाळी चहाच्या आधी ते एक तालीम करत. डोळ्यांवर पंचा बांधायचा, चाचपडत यंत्राची नळी काढायची, सिलिंडरला लावायची आणि चावी फिरवायची. काकू समोरून आकडे मोजायच्या. "आज... दोन जास्त... झाले," त्या म्हणायच्या. दम लागायचा त्यांना, म्हणून त्या बोलायच्या थोडं नि मोलाचं. मला ही तालीम फार विनोदी वाटायची. फोनवर आईला रंगवून सांगायचे.

काकूंचं नि माझं छान जमायचं. एकदा कोपऱ्यातल्या दिव्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "तो दिवा... वाढव गं." म्हाताऱ्या माणसाला कमी दिसतं, मी लगेच उठून दुसराही दिवा लावला. काकू हसायला लागल्या. हसता हसता धाप लागली, काका धावत आले. मला वाटलं, माझ्या तत्परतेचं कौतुक चाललंय. मी तिसराही लावला.

*

आता परच्याची, म्हणजे आपल्या पत्रकाची गोष्ट.

हिंदी परचा वरच्या ऑफिसातून छापून आला होता. त्यात 'मांग-प्रत्युत्तर कार्यक्रम में सहभागी बनें' असलं काहीतरी होतं. तो कुणालाच समजला नाही, त्यामुळे त्याने काही नुकसानही केलं नाही. मराठी परचा मात्र मी स्वतः लिहिला. दोन रात्री जागून, शब्द पारखून, साधी सोपी घरगुती भाषा. शेवटचं वाक्य तर मला इतकं आवडलं होतं की मी ते आरशासमोर म्हणून पाहिलं: 'संध्याकाळी सात ते नऊ दिवे, पंखे, मोटर, इस्त्री, काही काही वाढवू नका!'

छापायच्या आधी काकांना दाखवला. वाचायला म्हणून नाही, कौतुकाला. काकांनी बनियनच्या खिशातून पेन्सिल काढली. हो, त्यांच्या बनियनला खिसा होता, खास शिवून घेतलेला, आणि त्यात एका टोकाला लाल नि दुसऱ्या टोकाला निळी अशी कचेरीतली पेन्सिल असायची. वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, त्यांच्या हातून लाल खुणेशिवाय काही सुटायचं नाही. त्यांनी माझ्या शेवटच्या वाक्यातल्या 'वाढवू'भोवती लाल गोल काढला.

"इंजीनियरीणबाई, हा शब्द जरा..."

"काका, ऱ्हस्व-दीर्घ छापखान्यात बघतील."

"ऱ्हस्व-दीर्घ नाही हो. अर्थाचं म्हणतोय मी. आमच्या इकडे..."

"काका!" मी म्हणाले. मला अजून तो माझा सूर आठवतो, आणि आठवला की कान गरम होतात. "काका, सरळ मराठी आहे ही. आमच्याकडे लहान मुलालासुद्धा कळते."

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. "बरं. छापा."

*

प्रयोगाचा दिवस ज्येष्ठातला. सकाळपासून भिंती तापलेल्या. चढाच्या तोंडाशी भोंगा बांधला होता आणि दर अर्ध्या तासाने त्यातून माझाच आवाज येत होता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मी सात वेळा घसा साफ केला होता. "काही काही वाढवू नका! आपला ट्रान्सफॉर्मर वाचवा!" गच्चीवर सरकारी अभियंतासाहेब आले, आमचे कंपनीचे साहेब आले, कचोऱ्या आल्या. मी लॅपटॉप उघडून ठेवला. त्यावर गल्लीचा विजेचा वापर एका रेघेत दिसायचा. सात वाजता ती रेघ खाली यायला हवी होती.

सात वाजले. रेघ वर गेली.

"थोडा वेळ लागतो," मी म्हणाले. "लोकांना सवय नाही."

रेघ आणखी वर गेली. सव्वासातला इतकी वर गेली की अभियंतासाहेबांनी कचोरी तोंडाशी धरून ठेवली. मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. गल्लीत दिवाळी. झाडून सगळे दिवे जळत होते. समोरच्या घराची टाकी भरून वाहत होती, पाणी पायऱ्यांवरून धो धो घाटाकडे निघालं होतं, आणि घरचे गृहस्थ शांतपणे दारात उभे. पूजेचं सामान विकणारे भाऊ रोज सातला दुकान बंद करून संध्येला बसतात, ते आज दुकान सताड उघडं टाकून आतल्या आत आचमन करत होते. शेजारच्या वहिनींनी तापलेली इस्त्री उभी करून ठेवली होती आणि तिच्यासमोर पाट घेऊन राखणीला बसल्या होत्या.

"वहिनी, इस्त्री बंद करा की!" मी ओरडले.

"कशी करू? सरकारचा हुकूम आहे ना!" त्या खालून ओरडल्या. "तुमचाच आवाज आहे भोंग्यात!"

मला काही कळेना. तेवढ्यात चढावरून 'धप्प' असा आवाज आला आणि सगळं काळं झालं.

लॅपटॉप तिथेच टाकून मी जिना उतरले, दोन पायऱ्या चुकले, गुडघा फोडून घेतला आणि काकूंच्या खोलीच्या दारात पोचले. यंत्राची घुरघुर थांबली होती, इन्व्हर्टरनेही मान टाकली होती. मी मोबाइलची बॅटरी लावली. काका काकूंच्या शेजारी बसलेले. नळी सिलिंडरला लावून झालेली, चावी फिरवून झालेली, एक हात चावीवर आणि दुसऱ्या हाताची बोटं काकूंच्या नाडीवर. उजेड पडताच त्यांनी नाडी सोडली आणि रिकामा झालेला तो एकच हात कपाळाला लावून माझ्या बॅटरीला नमस्कार केला.

"आज... चार कमी... झाले," काकू म्हणाल्या. त्या अंधारातही आकडे मोजत होत्या.

"कुणी सांगितलं हो गल्लीला सगळं चालू ठेवायला?" मी जवळजवळ रडत विचारलं.

"तुम्ही," काका म्हणाले.

मग काकूंनीच मला जवळ बोलावलं. माझ्या मनगटातल्या बांगडीला बोट लावलं.

"ही... फुटते का गं?"

"नाही. वाढते," मी म्हणाले. हे मला ठाऊक होतं. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आई म्हणते, आजी म्हणायची.

"मग दिवा... विझतो का?"

विझत नाही. या घरात, या गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या दिवा विझत नाही, वाढतो. दुकान बंद होत नाही, वाढतं. हिंदीतसुद्धा 'दिया बढ़ा दो' म्हणजे मालवा, 'दुकान बढ़ा दी' म्हणजे फळ्या लावल्या. अशुभ बोलायचं नाही म्हणून मालवण्यालाच वाढवणं म्हणायचं. दिव्याचा हा शब्द पुढे पंख्याला लागला, मोटारीला लागला, इस्त्रीला लागला. आणि मी सरकारी शिक्क्यासह, दर अर्ध्या तासाने, घसा साफ करून, सगळ्या गल्लीला सांगत होते की काही काही म्हणून बंद करू नका. शहाण्याला शब्दाचा मार असतो. मला तो अक्षरशः बसला.

मला लाज वाटली. भीती वाटली आणि लाज वाटली. वीज येईपर्यंत मी त्या सिलिंडरच्या काट्याकडे बघत जमिनीवर बसून होते. काका चावीवरचा हात काढत नव्हते.

"तुम्ही सांगत होतात, काका. मीच ऐकलं नाही."

"दोनदा सांगितलं," काका म्हणाले. "कचेरीत शिकलो तसं. साहेबाने दोनदा नको म्हटलं की फाइल पुन्हा वर करायची नाही. आज दुपारी चार घरी जाऊनही सांगून आलो. म्हणाले, परचा सरकारी आहे बडे बाबू, तुम्ही तर रिटायर झालात." मग काकूंच्या उशीकडे बघत ते म्हणाले, "तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं मी. माझंच माणूस होतं."

सिलिंडरचा काटा शेवटाला टेकायच्या आत यंत्र पुन्हा घुरघुरलं. त्या घुरघुरीला त्या दिवशी मीही नमस्कार केला. काकूंच्या कपाळावर घाम होता, पण त्या हसत होत्या.

*

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. सरकार म्हणालं, परचा खासगी होता. कंपनी म्हणाली, ट्रान्सफॉर्मर सरकारी होता. सहकार्य असल्यामुळे दोष अर्धा अर्धा वाटून घेतला, आणि दोन्ही अर्धे माझ्या वाट्याला आले. योजना गुंडाळायचं जवळजवळ ठरलं. ट्रान्सफॉर्मर मात्र तोच राहणार होता, आणि उन्हाळाही अजून अर्धा शिल्लक होता.

संध्याकाळी तोंड लपवत घरी आले तर काका जिन्यात उभे.

"तुमच्या योजनेचं नाव काय म्हणालात? मागणी नि..."

"प्रतिसाद."

"तेच तर. प्रतिसाद मागता तुम्ही. अहो, पण साद कोण घालतंय? भोंगा? भोंग्याला कोण 'ओ' देतं?" त्यांनी पेन्सिल माझ्यासमोर नाचवली. "पुढच्या वेळी मला फक्त दुपारी कळवा. बाकी मी बघतो."

साहेबांच्या हातापाया पडून मी आणखी एक संध्याकाळ मागून घेतली. दुपारी ऑफिसातून निरोप आला, मी काकांना सांगितलं. सातला पाच कमी असताना काका गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीवर चढले, एका माकडाला "सरका" म्हणाले आणि कानावर हात ठेवून असा काही आवाज लावला की बापाच्या वेदशाळेतलं सगळं त्यात उतरलं:

"वाढवाऽऽऽ!"

मी डोळे मिटून घेतले. मग पलीकडच्या गच्चीवरून इस्त्रीवाल्या वहिनींचा आवाज आला, "वाढवलंऽऽ!" मग खालून दुकानवाले भाऊ, "वाढवलंऽ!" मग टाकीवाले गृहस्थ. मग कोपऱ्यावरचं यादवांचं घर, "बढ़ा दियाऽ, बड़े बाबू!" एकेक दिवा, एकेक मोटर, चढापासून घाटापर्यंत वाढत वाढत गेली. लॅपटॉपवरची रेघ इतकी खाली आली की मला वाटलं तार निघाली.

नंतर मी वहिनींना विचारलं, सूट मिळणार म्हणून केलंत का हो? त्या म्हणाल्या, "सूटबीट काय कळतेय आम्हाला! काकूंचं मशीन चालायला हवं ना." सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. परच्यात तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

मग तो उन्हाळा आणि पुढचा पावसाळा तसाच गेला. ज्या दिवशी निरोप यायचा त्या दिवशी टाकीवरून साद आणि गच्च्यांवरून उत्तर. ट्रान्सफॉर्मर एकदाही बसला नाही. काकू खिडकीतून 'वाढवलं' मोजायच्या. एखादं घर कमी पडलं की बोटाने दिशा दाखवायच्या आणि काका त्या दिशेला पुन्हा ओरडायचे.

आणि मी काय केलं? मी अहवाल लिहिला. त्यात 'टाकीवर चढून ओरडणारे माझे घरमालक' असं लिहायला मला संकोच वाटला, म्हणून 'ध्वनिआधारित स्थानिक सूचना व्यवस्था' असं लिहिलं. साहेब खूश झाले. मला प्रशस्तिपत्र मिळालं, काच बसवलेलं. ते मी दिमाखात खोलीत लावलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर काचेवर लाल गोल. माझ्या आडनावातला दीर्घ ऱ्हस्व झाला होता. चुकीचं काकांनी तेवढंच दाखवलं. बाकीचं त्यांनी काही विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

*

काकूंना माघ सोसला नाही. विजेचा त्यात काही दोष नव्हता. यंत्र चालू होतं, सिलिंडर भरलेला होता, डॉक्टर दुपारपासून दोनदा चढ चढून आले होते. हिवाळ्यात हीटर आणि गिझरमुळे संध्याकाळी मागणी पुन्हा चढते, म्हणून नेमका त्या दिवशीही निरोप आला होता. मी तो काकांना सांगितला नाही. गल्लीला मात्र ऑफिसातून मोबाइलवर थेट मेसेज गेलेला होता.

साडेसहा झाले असतील. डॉक्टरांनी काकूंचा हात हळूच खाली ठेवला, काकांच्या खांद्याला स्पर्श केला आणि ते जिना उतरून गेले. मी दाराशी उभी. काका काकूंच्या शेजारी, चावीवर हात ठेवायची सवय असलेला तो हात आता मोकळाच मांडीवर. कोपऱ्यात यंत्र घुरघुरत होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपलं काम करत होतं, नळीतून हवा येत होती, आणि ते बंद करायची माझी हिंमत होत नव्हती.

काकांनी उशाशी एक निरांजन लावलं. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"इंजीनियरीणबाई, ते... वाढवा आता."

यंत्राच्या हिरव्या दिव्याला त्यांनी हात जोडले. मी उजव्या हाताने बटण दाबलं. घुरघुर थांबली. दीड वर्ष मी त्या घरात राहत होते, ती खोली इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. मी तोंडावर ओढणी दाबून धरली.

आणि तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून वहिनींचा आवाज आला. सात वाजले होते, टाकीवर कुणी दिसत नव्हतं.

"बडे बाबूऽऽ! आज वाढवायचं नाऽऽ?"

मी खिडकीकडे धावले. त्यांना सांगायला हवं होतं. 'काकू गेल्या' हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते, आणि काकांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसले असावेत. ते उठले, मला हाताने बाजूला केलं आणि खिडकीत उभे राहिले. कानावर हात ठेवला नाही. आवाज चढवला नाही. तक्रारींच्या फोनवर बोलत असतील तशा आवाजात म्हणाले,

"वाढवलं."

आजवर साद त्यांची असायची आणि उत्तर गल्लीचं. त्या दिवशी उलटं झालं. मग वहिनींच्या गच्चीवरचा दिवा वाढला. मग शेजारचा, मग भाऊंच्या दुकानाचा, मग यादवांचा. कुणी ओरडलं नाही, कुणी 'वाढवलं' म्हटलं नाही. घाटापर्यंत सगळी गल्ली काळोखी झाली आणि आमच्या खिडकीत तेवढं निरांजन राहिलं. मग एकेका जिन्यावरून चपला वाजायला लागल्या, माणसं आमच्या दाराकडे यायला निघाली होती.

पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. त्या संध्याकाळची रेघ आमच्या ऑफिसात अजून नव्या पोरांना दाखवतात. एवढी उतरलेली रेघ पुन्हा कुठल्याच गल्लीत मिळाली नाही. तिच्याखाली 'कारण' असा एक रकाना असतो. थंडीत मागणी चढते हे ठाऊक असूनही त्यात मी तेव्हा 'थंडी' असं लिहिलं. माझ्यासारख्या पदवीधर बाईला तेवढाच शब्द सुचला. काकांचा अधूनमधून फोन येतो. त्या रेघेचा अहवाल मी त्यांना अजून दाखवलेला नाही, कारण पेन्सिल अजून त्यांच्या खिशात आहे.